मदत हवी आहे : वेब ट्रॅफिकच्या टक्केवारीवरून दोन फोनची तुलना करता येते का?

दौतटाक :

नमस्कार. आमच्या कर्मचारी मंडळाच्या वार्षिक अंकाचे संपादन यंदा माझ्याकडे आले असून त्यासाठी आलेल्या एका लेखाने मला पेचात टाकले आहे. लेखक माझे ज्येष्ठ सहकारी आहेत, लिहितात चांगले आणि प्रत्येक विधानाला आकडा जोडतात. त्यामुळे केवळ ‘मला पटत नाही’ एवढ्यावर लेख परत करणे मला बरे वाटत नाही.

त्यांचे म्हणणे असे आहे की, अँड्रॉइडचे फोन विक्रीत आयफोनच्या कितीतरी पुढे गेल्यानंतरही नेट अ‍ॅप्लिकेशन्स या संस्थेच्या मोजणीत मोबाइल वेबवर आयओएसच (आयफोन आणि आयपॅडवर चालणारी प्रणाली) आघाडीवर राहिले आणि अँड्रॉइडने त्याला जेमतेम मागे टाकायला २०१४ चा जुलै उजाडला. यावरून ते असा निष्कर्ष काढतात की अँड्रॉइड घेणारी माणसे फोन विकत घेत, पण वापरत नसत, आणि वापरत नसत याचे कारण तो फोन वेबसाठी वापरण्याजोगाच नव्हता. शेवटी हेच सूत्र ते आजच्या फोननाही लावतात.

मी पडताळणीसाठी स्टॅटकाउंटर या दुसऱ्या मोजणी संस्थेचे जुने तक्ते उघडले, तर तेथे २०१३ मध्येच अँड्रॉइड आयओएसच्या बरेच पुढे दिसते. जग तेच, काळ तोच, फोनही तेच, आणि तरीही दोन मोजणाऱ्यांचे क्रम उलटे. माझे प्रश्न दोन आहेत : यांपैकी बरोबर कोण, आणि अशा टक्केवारीवरून एक फोन दुसऱ्यापेक्षा सरस आहे असे म्हणणे न्याय्य आहे का? मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, तेव्हा कृपया त्या बेताने समजवावे.

दशांश :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोघेही बरोबर असू शकतात, कारण दोघे एकच गोष्ट मोजत नव्हते.

स्टॅटकाउंटर पेज व्ह्यू मोजते. ज्या वेबसाइटांनी त्यांचा मोजणीचा कोड आपल्या पानांत बसवला आहे, तेथे पान उघडले की एक आकडा वाढतो. मग एकाच माणसाने चाळीस पाने उघडली तर चाळीस. नेट अ‍ॅप्लिकेशन्स मात्र एका साइटवर एका दिवसात आलेला माणूस एकदाच धरत असे आणि त्यानंतर प्रत्येक देशातील इंटरनेट वापरणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे आकड्यांना भार देत असे. स्टॅटकाउंटर असा भार देत नाही. नमुन्यात ज्या देशाची पाने जास्त, त्या देशाचा आवाज जास्त. नमुन्याच्या आकारातही मोठी तफावत होती. नेट अ‍ॅप्लिकेशन्सकडे सुमारे ४० हजार साइटी होत्या, तर स्टॅटकाउंटरकडे त्या काळी लाखांत. अर्थात नमुना मोठा म्हणजे प्रातिनिधिक, असा अर्थ कोणी काढू नये, कारण कोड बसवणाऱ्या साइटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नसतात. ज्याला फुकट मोजणी हवी होती तो आला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लेखकांच्या नजरेतून निसटली असावी. नेट अ‍ॅप्लिकेशन्सच्या त्या तक्त्यात मोबाइल आणि टॅबलेट एकत्र होते. त्या वर्षांत टॅबलेटवरचे वेब म्हणजे मुख्यतः आयपॅड. दिवाणखान्यात बसून नऊ इंचांहून मोठ्या पडद्यावर वाचणारा माणूस त्या तक्त्यात ‘आयओएस’ म्हणून जमा झाला, आणि लेखकांनी त्याला आयफोनच्या खात्यात टाकले. फोनची फोनशी तुलना तेथेच संपली.

गाळीव :

दशांश यांच्याशी सहमत आहे. पेज व्ह्यू हे माप किती लवचीक असते याचे एक जुने उदाहरण जोडतो. २०१२ मध्ये क्रोम आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात पुढे कोण यावरून वाद पेटला होता. तुम्ही पुढे कोणते पान उघडाल याचा अंदाज बांधून क्रोम ते पान पडद्यामागे आधीच तयार करून ठेवत असे, आणि कोणीही न पाहिलेले ते पान मोजणीत येत होते. मायक्रोसॉफ्टने यावर जाहीर आक्षेप घेतला आणि स्टॅटकाउंटरने त्याच वर्षी अशी पाने वजा करायला सुरुवात केली. ती लढाई ब्राउझरांची होती हे खरे, पण धडा येथेही लागू पडतो : फोनमधला ब्राउझर कसा वागतो, यावर फोनची टक्केवारी हलते, आणि त्यात फोन हाती धरणाऱ्याचा काही संबंध नसतो.

नेटवर्कचा मुद्दाही आहे. अकामाय कंपनीने २०१२ मध्ये केवळ मोबाइल नेटवर्कवरून येणारी मागणी मोजली, तेव्हा अँड्रॉइडचा ब्राउझर पुढे होता. वाय-फाय धरून सगळी मागणी मोजली, तेव्हा आयफोन-आयपॅडचा सफारी ब्राउझर पुढे. मोजणारा एकच, महिनेही तेच, केवळ चाळणी बदलली आणि क्रम फिरला.

लॉगवाचक :

मी बराच काळ सर्व्हर सांभाळतो, म्हणून यातला सर्वांत कच्चा दुवा दाखवतो. कोणते पान कोणत्या फोनने मागितले, हे मोजणाऱ्याला बहुतेक वेळा फोनने स्वतःबद्दल सांगितलेल्या एका ओळीवरून कळते. तिला युजर एजंट म्हणतात. पाहुण्याने दारात सांगितलेले नाव आपण वहीत उतरवतो, तसलाच हा प्रकार. ओळखपत्र कोणी पाहत नाही.

ही ओळ आता मुद्दाम धूसर केली जाते, आणि त्याचे कारण चांगले आहे, कारण तिच्यावरून माणसाचा माग काढला जात होता. दौतटाक, आपल्या मंडळाची वेबसाइट असेल आणि सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी काय मागितले याची नोंदवही, पाहता येत असेल, तर मी सांगण्यापेक्षा आपणच एक प्रयोग करून पाहावा. आयफोन, अँड्रॉइड फोन आणि आयपॅड, तिन्ही हाती घेऊन एकच पान पाच-पाच मिनिटांच्या अंतराने उघडावे आणि लॉगमध्ये काय उमटते ते येथे लिहावे.

दौतटाक :

प्रयोग केला. रात्री अकरानंतर साइटवर कोणीही नसते, त्यामुळे ओळी शोधणे सोपे गेले.

पहिली नोंद माझ्या अँड्रॉइड फोनची, क्रोममधून. फोनच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती १४ दिसते, परंतु लॉगमध्ये ‘अँड्रॉइड १०’ असे आले आणि फोनच्या मॉडेलच्या जागी केवळ रोमन ‘के’ हे एकच अक्षर. मला वाटले काही चुकले, म्हणून मुलाच्या पूर्णपणे वेगळ्या कंपनीच्या फोनवरून तेच पान उघडले. तेथेही ‘अँड्रॉइड १०’ आणि तेच ‘के’. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या तर वेळ सोडून कोणताही फरक नव्हता. तिसरी नोंद बहिणीच्या आयफोनची. तीत ‘आयफोन’ हा शब्द आहे, पण कोणता आयफोन ते नाही. आयपॅडने तर कमालच केली. त्याच्या ओळीत आयपॅड हा शब्दच नाही, तेथे ‘मॅकिंटॉश’ लिहिले आहे!

म्हणजे मी तीन प्रकारची यंत्रे वापरली आणि माझ्याच साइटचा अहवाल सांगतो की दोन एकसारखे अँड्रॉइड, एक आयफोन आणि एक मॅक संगणक येऊन गेले. हे असेच असते का?

लॉगवाचक :

असेच असते, आपले काही चुकलेले नाही.

क्रोमने अँड्रॉइडवर ११० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या आरंभापासून, प्रत्येक फोनला ‘अँड्रॉइड १०’ आणि ‘के’ असेच सांगायला लावले आहे. ज्यांना खरे मॉडेल हवे असेल त्यांनी ते वेगळ्या मार्गाने मागायचे असते, आणि सगळे मोजणारे ते मागतात असे नाही. आयफोनने आपले मॉडेल या ओळीत कधीच सांगितले नाही. आयपॅडचे म्हणाल तर २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून सफारी संगणकासाठीची साइट मागते आणि त्यासाठी स्वतःला मॅक म्हणवते. त्यामुळे ज्या आयपॅडने २०१४ पर्यंत आयओएसचा आकडा फुगवला, तोच आयपॅड आता निव्वळ ही ओळ वाचणाऱ्या मोजणीत मॅकच्या खात्यात जातो. आपले सहकारी जुने आणि नवे आकडे एकाच रेषेवर मांडणार असतील, तर हे सांधे त्यांनी दाखवायला हवेत.

‘वेगळे पाहुणे’ किती आले या मापातही एक मेख आहे. माणूस तोच की नवा, हे साधारणतः ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवरून, म्हणजे ओळखीच्या छोट्या खुणेवरून, ठरते. सफारीने २०१९ पासून पानातील स्क्रिप्टने ठेवलेल्या अशा कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले. दर दहा दिवसांनी आपली साइट पाहणारी आपली बहीण त्या मोजणीत दर वेळी नवीन व्यक्ती ठरेल, आणि क्रोम वापरणाऱ्या आपण एकच राहाल. परिणामी आयफोनवाल्यांची संख्या फुगते आणि त्याच वेळी प्रत्येकी पाने कमी दिसतात. एका अहवालातून ‘आयफोनवाले जास्त’ आणि ‘आयफोनवाले कमी वाचतात’ असे दोन्ही निष्कर्ष काढता येतात, आणि दोन्ही निराधार.

पायवाट :

चर्चा मोजणीच्या यंत्रणेवरच फिरते आहे, म्हणून लेखाच्या तर्काकडे वळतो, कारण यंत्रणा बिनचूक असती तरी तो तर्क टिकला नसता.

विक्रीचा वाटा आणि ट्रॅफिकचा वाटा यांचा भागाकार करून ‘वापर’ काढणे ही मूळ चूक आहे. विक्रीचा आकडा त्या वर्षात दुकानातून बाहेर पडलेल्या फोनचा असतो. ट्रॅफिक येते ते लोकांच्या खिशात आज चालू असलेल्या सगळ्या फोनवरून, ज्यांत चार वर्षांपूर्वी घेतलेले, धाकट्या भावाला दिलेले आणि दुसऱ्या हाताने विकलेले फोनही येतात. नळातून या तासात पडलेले पाणी आणि टाकीत साठलेले पाणी यांची तुलना करून नळ गळका आहे असे ठरवता येत नाही.

जुने उदाहरण अधिक बोलके आहे. गार्टनर या बाजार-संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २००९ मध्ये विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी ४६.९ टक्के सिम्बियन या, मुख्यतः नोकियाच्या फोनवरील, प्रणालीचे होते, आयफोन १४.४ टक्के आणि अँड्रॉइड अवघे ३.९ टक्के. त्याच सुमारास अ‍ॅडमॉब या जाहिरात कंपनीच्या मासिक अहवालात स्मार्टफोनवरून येणाऱ्या मागणीपैकी सुमारे निम्मी आयफोनची दिसे. त्या वेळीही ‘सिम्बियनवाले फोन खिशात ठेवून फिरतात’ असे लिहिले गेले. पण अ‍ॅडमॉब मोजत होते काय? आपल्या जाळ्यातील साइटी आणि अ‍ॅप यांच्याकडून आलेली जाहिरातींची मागणी. आयफोनचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्येच सुरू झाले होते, आणि जाहिरात दाखवणारा फुकटचा खेळ अर्धा तास चालला की तो मागणीवर मागणी करत राहतो. त्याला वेब पाहणे म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय सिम्बियनवर ऑपेरा मिनी हा ब्राउझर वापरणारे पुष्कळ होते. त्यात पान फोन नव्हे तर ऑपेराचा सर्व्हर आणतो आणि आकसून फोनकडे पाठवतो, त्यामुळे मोजणाऱ्याने विशेष काळजी घेतली नाही तर त्याला फोन दिसतच नाही.

तरीही मी तेथेच थांबणार नाही. सिम्बियनवर वेब पाहणे कटकटीचे होते आणि आयफोनवर सुखाचे, हे ज्यांनी दोन्ही वापरले त्यांना माहीत आहे, मीही त्यातलाच. आपल्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष २००९ पुरता कदाचित खराही असेल. पण तो त्या टक्केवारीतून सिद्ध होत नाही, आणि खरा निष्कर्ष चुकीच्या पुराव्यावर उभा केला की पुढच्या वेळी खोटाही तसाच उभा राहतो.

गाळीव :

एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हे आकडे टाकाऊच आहेत. एकच मोजणारा, एकच माप आणि एकच देश धरून महिन्यामागून महिना पाहिला, तर कल बऱ्यापैकी विश्वासार्ह मिळतो, मात्र मधेच ब्राउझरने काही बदलले नसेल तरच. वेबसाइट बनवणाऱ्याला तर ‘माझ्याकडे येणारी माणसे कोणत्या ब्राउझरमधून येतात’ एवढेच हवे असते, आणि ते त्याला स्वतःच्या लॉगमधून जगाच्या सरासरीपेक्षा चांगले कळते. जगाची सरासरी तशीही फसवी असते : अमेरिकेत आयफोन निम्म्याहून पुढे आणि भारतात अँड्रॉइड सुमारे ९५ टक्के, यांची सरासरी काढून जो आकडा मिळेल तो या दोन्ही देशांतल्या कोणाचेच वर्णन करत नाही.

दौतटाक :

सर्वांचे मनापासून आभार. काल लेखकांसोबत बसले आणि लॉगच्या त्या चार ओळी छापून समोर ठेवल्या. दशांश यांनी सांगितलेला टॅबलेटचा मुद्दा त्यांना तत्काळ पटला. पायवाट यांच्या नळ-टाकीवर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की हे उदाहरण मी लेखात घेतो.

ठरले ते असे. प्रत्येक आकड्यापुढे मोजणारा कोण, त्याने माणसे मोजली की पाने, आणि टॅबलेट धरले की वगळले हे लिहायचे. २०१४ चा तक्ता आणि आजचा तक्ता एका आलेखात जोडायचा नाही. आणि ‘वापरण्याजोगा नव्हता’ हे वाक्य काढून त्याऐवजी त्यांनी स्वतः दोन्ही फोन वापरताना काय अनुभवले ते लिहायचे. शेवटच्या अटीवर ते अडले होते, कारण त्यांच्या मते अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. मी म्हटले की अनुभव निदान स्वतःला अनुभव म्हणवतो.

लेख पुढच्या आठवड्यात नव्याने येणार आहे. आयपॅडची ओळ मात्र त्यांनी मागून घेतली आणि ती चौकटीत छापायची आहे, तेव्हा लॉगवाचक, आपली हरकत नसेल तर त्या चौकटीखाली द्यायचे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आपणच लिहून द्याल का?

लॉगवाचक :

हरकत कसली? उद्या संध्याकाळपर्यंत व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. ती ओळ छापण्यापूर्वी तिच्या आरंभी असलेला आयपी पत्ता मात्र आठवणीने खोडावा.