मदत हवी आहे: परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकल कशाला बांधू?

नमस्कार मंडळी. कळंब्यात भाड्याने राहतो. घरामागच्या बागेत आठ बाय सहाची पत्र्याची शेड आहे, माझी गिअरची सायकल रात्री तिथंच असते. गेल्या आठवड्यात कुणीतरी कुलपाला हात न लावता कडी-कोयंड्याचे स्क्रूच बाहेरून काढले. केबल लॉकही कापलं होतं. शेजारचा कुत्रा भुंकला म्हणून सायकल वाचली, पण तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

कडी आणि बिजागऱ्यांना आता आरपार, गोल डोक्याचे बोल्ट घातलेत, नट आतून. दहा मिलीमीटरची कडक पोलादी साखळी आणि चांगलं कुलूपही घेतलं. पण साखळी अडकवायची कशाला? शेडचे अँगल पातळ आहेत, पान्याने पाच मिनिटांत सुटतील. खाली मुरुमावर नुसती शहाबादी फरशी. तिच्यात एक्स्पान्शन बोल्ट मारून बघितला, तर फरशीच तडकली.

घरमालक एक फरशी काढू देतील, पूर्ण कोबा नाही. जिना अरुंद, त्यामुळे सायकल वर नेता येत नाही. शेडमध्ये वीज नाही, म्हणून कॅमेरा नको. खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत.

एक फरशी काढून खड्ड्यात काँक्रीट भरायचं आणि त्यात सळईची यू आकाराची कडी पुरायची, असा विचार आहे. खड्डा किती खोल आणि सळई किती जाडीची घ्यावी? आणि आपल्याकडच्या पावसात ती मुळाशी गंजू नये म्हणून काय करावं?