गोणपाट, पोते, बारदान, तरट : एकाच वस्तूची नावे की निरनिराळ्या?

प्रश्न (डिचोलीहून)
आमच्या घरी आजी दारातल्या पायपुसण्याला ‘तरट’ म्हणते, वडील रिकाम्या पोत्यांचा उल्लेख ‘बारदान’ असा करतात आणि शाळेत मी ‘गोणपाट’ हा शब्द शिकलो. या शब्दांत काही भेद आहे का? शिवाय विकायच्या राहिलेल्या काजूबिया पावसाळाभर तागाच्या पोत्यांत ठेवाव्यात की प्लॅस्टिकच्या, यावर घरात एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (पेडण्याहून, निवृत्त मराठी शिक्षक)
भेद आहे. गोणपाट आणि तरट ही कापडाची नावे आहेत, म्हणजे तागाच्या जाड सुताचे भरड, विरळ विणीचे कापड. ते शिवून जी पिशवी होते ती गोणी किंवा पोते. पोते फाटले, उसवले, की त्याचे पुन्हा तरट होते, त्यामुळे आजींचा शब्द अचूक आहे. ‘बारदान’ हा फारसीतून आलेला व्यापाराचा शब्द असून त्यात माल बांधण्याचे कोणतेही वेष्टन येते. काट्यावर तोलताना बारदानाचे वजन वजा करतात ते याच अर्थाने. ‘गोणी’ मात्र फार जुनी. पाणिनीच्या सूत्रांत ती धान्य भरण्याचे साधन म्हणून येते आणि इंग्रजीतला ‘गनी’ हा शब्दही तिच्यावरूनच गेला. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात शेतात लावणी करणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. रेनकोट आल्यापासून त्या अर्थाची ‘खोळ’ मुलांना समजावून सांगावी लागते.

उत्तर २ (सत्तरीहून, काजू बागायतदार)
बिया उन्हात चांगल्या वाळवून, थंड झाल्यावरच भराव्यात. तागाच्या विणीतून हवा खेळते, म्हणून थोडी ओल राहिली तरी ती बाहेर पडते. प्लॅस्टिकच्या पोत्यात ती आतच कोंडते आणि बुरशी धरते. परंतु ताग स्वतःही हवेतला ओलावा शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी धरून ठेवतो, मग आपल्या जुलैची गोष्टच सोडा. तेव्हा पोती तागाचीच घ्यावीत, पण जमिनीवर किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवून कधीही ठेवू नयेत. खाली फळ्या घालाव्यात आणि उघडीप मिळेल तेव्हा बिया पुन्हा उन्हात घालाव्यात. खताची रिकामी पोती कितीही धुतली तरी खाण्याच्या वस्तूला वापरू नयेत. नव्या पोत्याला रॉकेलसारखा वास येत असेल, तर तो तागाचे तंतू मऊ करण्यासाठी गिरणीत लावलेल्या खनिज तेलाचा असतो. निर्यातीच्या काजू-कॉफीसाठी म्हणूनच वनस्पती तेल वापरलेली वेगळी पोती मिळतात.

उत्तर ३ (मडगावहून, बांधकाम पर्यवेक्षक)
काजूच्या बाबतीत जो दोष, तोच आमच्या कामात गुण ठरतो. ओतलेला खांब साच्यातून मोकळा केला की त्याला गोणपाट गुंडाळून निदान ७ दिवस ओले ठेवतो, कारण उभ्या खांबावर नुसते पाणी मारले तर ते टिकत नाही. भाताच्या बियाण्याला मोड आणतानाही हेच तत्त्व असते : भिजवलेले भात गोणीत बांधून वर वजन ठेवतात, आत ऊब आणि ओल दोन्ही राहते व हवाही मिळते. वापरून झालेले गोणपाट मात्र ओलेच घडी करून टाकू नका. दोन-चार दिवसांत ते कुजू लागते आणि हाताने ओढले तरी फाटते.