शब्दचर्चा: कम्प्रेसरचा ‘अटॅक’ मराठीत कसा सांगावा?

विचारणा: तबला आणि गाणे घरी ध्वनिमुद्रित करू लागलेल्यांसाठी मराठीत कम्प्रेसरवर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या यंत्रावर, टिपण लिहिते आहे. ‘ट्रान्झिएंट’साठी, म्हणजे ध्वनीच्या सुरुवातीच्या क्षणभराच्या उसळीसाठी, ‘क्षणिक’ सुचतो, पण समाधान होत नाही. ‘स्लो अटॅक’ला ‘संथ आघात’ चालेल का?

प्रतिसाद: ‘संथ आघात’ कृपया नको, त्यातून अर्थ नेमका उलटा जातो. वाचणाऱ्याला वाटेल, तबल्याचा ठोका मऊ होणार. प्रत्यक्षात कम्प्रेसर संथ असला की चाटेवरच्या (तबल्याच्या काठावरच्या) ‘ना’ची धार तो दाबायला लागण्याआधीच निसटून जाते. दबते ती मागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद. म्हणजे ठोका उलट जास्तच टोकदार ऐकू येतो.

घोळाचे मूळ असे की इंग्रजीत एकच शब्द दोघांना लावतात. वाद्याचा अटॅक म्हणजे ध्वनीची जोरदार सुरुवात; यंत्राचा अटॅक म्हणजे आवाज दाबायला त्याला लागणारा वेळ. मराठीत हे दोन सरळ वेगळे करता येतात, तर करावेत. वाद्याचा तो ‘आघात’. ट्रान्झिएंटलाही हाच शब्द पुरतो; ‘क्षणिक’मधून फक्त अवधी कळतो, सुरुवातीचा जोर कळत नाही. यंत्राचा मात्र ‘पकड-वेळ’ म्हणा आणि रिलीजला, म्हणजे दाब सोडायला लागणाऱ्या वेळाला, ‘सोड-वेळ’.

आकडेही द्या, नाहीतर ‘संथ’ म्हणजे किती ते कळणार नाही. एलए-२ए या ऑप्टिकल कम्प्रेसरची पकड साधारण १० मिलिसेकंदांची. आत दिव्यासारखी उजळणारी पट्टी आणि प्रकाशाने रोध बदलणारा घटक आहे, त्याला प्रतिसाद द्यायला तेवढा वेळ लागतोच. अटॅकचे बटणच त्यावर नाही. ११७६ या दुसऱ्या कम्प्रेसरची पकड २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे त्याची सर्वांत संथ पकडसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत. आणि त्याचे बटण उजवीकडे फिरवले की वेळ कमी होतो! टिपणात हे ठळक लिहाच.

प्रतिसाद: ‘पकड’ला माझा विरोध आहे. गाणाऱ्यांच्या कानाला पकड म्हणजे रागाची पकड. स्टुडिओत गायिकेला ‘तुमची पकड संथ ठेवली आहे’ म्हणून पाहा, काय गहजब होईल! कम्प्रेसर आवाज आवळतो, तेव्हा ‘आवळ-वेळ’ म्हणावे.

प्रतिसाद: ‘आवळ-वेळ’ उत्तम. गळ्याबद्दलही लिहा. ‘प’, ‘ट’, ‘क’ ही स्पर्श व्यंजने गाण्यातले आघातच आहेत. आवळ-वेळ फार कमी ठेवला तर ती बोथट होतात, शब्द कळत नाहीत. भावगीतात ते अजिबात चालणार नाही.

एक धोका टिपणात यायलाच हवा. संथ कम्प्रेसर लावला म्हणजे डिजिटल पातळी शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर जाणार नाही, असे मुळीच नाही. निसटलेला आघातच आधी फाटतो आणि तो मागाहून दुरुस्त होत नाही. तबल्याला मीटरवर १० ते १२ डेसिबल जागा मोकळी ठेवूनच मुद्रण करावे.

विचारणा करणारी: ‘आघात’, ‘आवळ-वेळ’, ‘सोड-वेळ’ घेते. मग ‘लुक-अहेड’?

प्रतिसाद: ‘चाहूल’. आघाताची चाहूल आधी लागावी म्हणून कम्प्रेसर आवाज थोडा रोखून धरतो. त्यामुळे गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो. थेट मुद्रणात चाहूल बंद ठेवा आणि मिक्सिंगला वापरा.