वॅट सोडा, १२ व्होल्टचे अँपिअर बघा
'४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आहे, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड जेमतेम १३२ वॅट खातं, मग बदलायचा कशाला' हा हिशेब मीही केला होता आणि तोंडावर आपटलो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा होता. गेम सुरू व्हायचा, लोडिंग पार पडायचं आणि पहिल्या मारामारीला खट्‌कन सगळं बंद. दोन दिवस रॅम काढून तिचे पाय खोडरबरने घासत बसलो, विंडोजसुद्धा नव्याने टाकलं. शेवटी डबा बाहेर काढून स्टिकर वाचला: वर ठळक ४५०, खाली +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट! कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर, दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्यांचीच बेरीज १९७ होते. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर मिरवायला.

त्यामुळे कार्डाआधी स्टिकर वाचा. एसएमपीएसला पैसे घालायचेच नसतील तर जीटीएक्स १६५० बरं, ७५ वॅटमध्ये भागतं आणि तेवढी वीज मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉटच पुरवतो. मात्र त्याच नावाच्या काही मॉडेलना ६ पिनची वेगळी केबल लागते, तेव्हा खोक्यावरचा फोटो नीट बघून घ्या. आणि दुकानदार मोलेक्सचं (एसएमपीएसच्या जुन्या ४ पिनच्या जोडाचं) कार्डासाठी ८ पिन करणारी जोडवायर हातात ठेवेल, ती तिथेच काउंटरवर सोडून या.