'व्हेरियन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, न्यू जर्सीहून

आमच्या घरामागे १० बाय १२ फुटांची लाकडी शेड घालायची आहे. गवत कापायचं यंत्र, फावडी, मुलांच्या सायकली, एवढंच ठेवायला. घर कोपऱ्यावरचं. दोन बाजूंना रस्ता म्हणून इथल्या नियमाने आम्हाला दोन दर्शनी बाजू, आणि परसू नावापुरतं उरलेलं. हद्दीपासून नियमाइतकं अंतर सोडलं तर शेड हिरवळीच्या मधोमध येते. म्हणून टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे कुठल्या जागेत काय आणि कसं बांधायचं याचे नियम बघणाऱ्या मंडळाकडे, 'व्हेरियन्स' मागितलाय.

साताऱ्याला वडिलांना फोनवर सांगितलं, "नियमातून सूट मागितलीय." ते म्हणाले, "किती टक्के?" 'सवलत' म्हटलं तर त्यांना वाटलं, ज्येष्ठ नागरिकांची काही योजना आहे. 'परवानगी' म्हणावं तर बांधकामाची परवानगी वेगळी, ती यानंतर काढायची. शब्दकोशात पाहिलं तर फरक, तफावत, मतभेद. मतभेद बायकोशी आहेत, बोर्डाशी नाहीत. नेमका शब्द सुचवाल का?

पुण्याहून

'शिथिलता'. शासकीय मराठीत रुळलेला शब्द आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'वयोमर्यादा शिथिल' असतं, तसंच 'नियम शिथिल करून'. आणि हद्दीपासून सोडायच्या जागेला नगररचनेच्या कागदांवर 'सामासिक अंतर' म्हणतात. अर्थात गवंड्यापासून बिल्डरपर्यंत बोलताना सगळे 'मार्जिन'च म्हणतात. "साइड मार्जिन सोडलंय ना?" असं. तुमचा रेसिडेन्शियल झोन म्हणजे आमचा 'रहिवास विभाग', नकाशात पिवळा, म्हणून यलो झोन.

दादरहून

मी आर्किटेक्ट. आधी एक इशारा: अंतराला 'सेटबॅक' म्हणून मुंबईत बोलू नका. इथे "जागा सेटबॅकमध्ये गेली" म्हणजे रस्तारुंदीत गेली!

आता मूळ शब्द. आमच्या बोलीत तो 'कन्सेशन'. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६४ मध्ये ही सोय होती: स्पष्ट दाखवता येईल अशी हार्डशिप असेल तर आयुक्तांनी कारणं लेखी नोंदवून मापं बदलून द्यावीत. एफएसआयला, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधायचं त्या प्रमाणाला, हात लावायचा नाही, आरोग्य आणि आगीपासूनची सुरक्षितता धोक्यात आणायची नाही. म्हणजे तुमचा व्हेरियन्सच की. फरक एवढाच, इथे फाइल आयुक्तांच्या टेबलावर जाते.

प्रश्नकर्ता

हार्डशिप! इथेही तोच शब्द. फक्त टेबल नाही. बोर्डावर गावातलेच सात रहिवासी, बिनपगारी. शपथ घेऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं. आमच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे, त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी मीच नोटीस द्यायची, वर्तमानपत्रात मीच छापायची. कुणीही येऊन विरोधात बोलू शकतं. आमच्यासारख्या अंतराच्या प्रकरणात साधं बहुमत पुरतं. शेडमध्ये दुकान थाटायचं असतं तर तो वापराचा व्हेरियन्स, त्याला सातातली पाच मतं लागतात.

आणि ही हार्डशिप जमिनीची हवी, माझी नव्हे. प्लॉट अरुंद, उथळ, वेडावाकडा, चढउताराचा असला तर ऐकतात. "सायकली गंजतात हो" हे नाही चालत. जमिनीच्या हार्डशिपला काय म्हणू? हालअपेष्टा तर माणसाच्या असतात.

कोल्हापूरहून

'अडचण' म्हणा की! आपण "खोलीत फार अडचण झालीय" म्हणतो तेव्हा त्रास नाही सांगत, जागा नाही हे सांगतो. अडचणीची जागा, अडचणीत ठेवलेलं कपाट. तुमच्या कायद्याला हवाय तो अर्थ या शब्दात आधीपासून बसलेला आहे.

सावंतवाडीहून

विषयाला जरा सोडून. 'परसू' छान वापरलात. फक्त "परसाकडे शेड घालतोय" असं साताऱ्याला म्हणू नका, वडील शौचालय समजतील. आमच्याकडे बागायतीत सामान ठेवायच्या खोपीला मांगर म्हणतात. शेडपेक्षा किती बरा शब्द!

छत्रपती संभाजीनगरहून

'नियमाधीन करणे' कसं वाटतं? गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून झालेल्या विनापरवाना वस्त्यांसाठीच्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्या नावातच आहे.

प्रश्नकर्ता

तो बांधून झाल्यावरचा शब्द आहे ना? व्हेरियन्स खड्डा खणायच्या आधी मागायचा. नियमित करणं, नियमाधीन करणं, दंड भरून मिटवणं... आधीच बांधलेल्यासाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल दिसते.

नागपूरहून

गरजेप्रमाणे शब्द पिकतात!

पण मला 'शिथिलता'ही पटत नाही. वयोमर्यादा शिथिल केली की ती एका अख्ख्या गटासाठी सैल होते. व्हेरियन्समध्ये नियम शेजाऱ्यासाठी तितकाच ताठ राहतो, एका प्लॉटपुरता बाजूला होतो. त्यासाठी 'अपवाद' हवा. आपल्या व्याकरणपरंपरेत उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे त्यातून वगळलेली खास जागा. अपवाद तिथे नियमाचाच भाग असतो, नियमभंग नव्हे. झोनिंगचंही तसंच. १९१६ साली न्यूयॉर्कने शहरभराची झोनिंग नियमावली केली तेव्हाच दाद मागायला मंडळही नेमलं. सगळे प्लॉट सारखे नसतात हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं.

खोट एकच. लोकापवादातला अपवाद म्हणजे निंदा. पण तो अर्थ आता बोलण्यात फारसा नाही.

पुण्याहून

मग 'अपवादात्मक शिथिलता' म्हणू.

नागपूरहून

दोन शब्द जोडून समिती खूश होते, भाषा नाही.

प्रश्नकर्ता

काल वडिलांना पुन्हा फोन केला. म्हटलं, "जागेची अडचण आहे म्हणून, एवढ्या शेडपुरता अपवाद मागितलाय." ते नगरपालिकेतून निवृत्त झालेत. क्षणभर थांबून म्हणाले, "असं होय, विशेष बाब म्हणून मंजुरी! आधीच सांगायचं."

दादरहून

अरे हो! फाइलवर शेरा तोच असतो.

नागपूरहून

'विशेष बाब'मध्ये साहेबाची मर्जी डोकावते. 'अपवाद'मध्ये कारण द्यावं लागतं. अर्जात अपवादच लिहा.

प्रश्नकर्ता

अर्ज इंग्रजीतच आहे हो. नोटिसाही गेल्या. पलीकडच्या काकूंनी ती दाखवून विचारलं, "तुमच्यावर केस झालीय का?" आता 'नोटीस'ला एखादा न घाबरवणारा शब्द सांगा.