मदत हवी आहे: उसाच्या ट्रॉलीला मागून दिवा-रिफ्लेक्टर लावायला भाग कोण पाडू शकतं?

जुळे_सोलापूर_ताई

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

डिसेंबरात माझ्या धाकट्या भावाचा अपघात झाला. तो सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, राहतो कामतीजवळ. दुसरी पाळी संपवून रात्री बाराच्या सुमारास मंगळवेढा रस्त्याने घरी निघाला होता. तिऱ्ह्याच्या पुढे, डाव्या लेनमध्येच, उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. एक्सल तुटलेला म्हणे. ट्रॅक्टर सोडवून ड्रायव्हर मिस्त्री आणायला गेलेला. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, रस्त्यावर साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. भाऊ मागून तसाच आत गेला.

हेल्मेट होतं आणि पट्टाही लावलेला होता, म्हणून तो आज माझ्याशी बोलतोय. ते हेल्मेट मी कपाटावर ठेवलं आहे. कपाळाच्या वर तडा गेलाय आणि काचेच्या बिजागरीत पाचटाचा एक तुकडा अजून अडकून आहे. डावी मांडी मोडली, आत रॉड घातलाय, अजून वॉकर धरूनच चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मिस्टर जागेवर गेलो. ट्रॉली कुणीतरी नेली होती, पण चाकाला लावलेले चार मोठे दगड तसेच लेनमध्ये पडून होते. आम्हीच ते उचलून कडेला टाकले. पोलिसांत तक्रार आहे, पण वाहन 'अज्ञात' लिहिलंय.

तेव्हापासून येता-जाता मी ट्रॉल्याच बघते. बऱ्याच ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरची पट्टी असते, नाही असं नाही. हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यात आरटीओ आणि पोलीस येऊन लावून जातात, पेपरात फोटोही येतात. पण ऊस भरला की मागच्या फळीवरून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचट खाली लोंबतं आणि पट्टी त्याच्या मागे जाते. उरलेली चिखलाने माखलेली. पट्टी लावली का, एवढंच बघितलं जातं. भरल्या ट्रॉलीवर ती मागच्या माणसाला दिसते का, हे कुणी बघत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता विचारायचं ते असं. हंगाम अजून दोन-तीन महिने चालेल, तेवढ्यात फरक पडेल असा अर्ज कुणाकडे द्यायचा? ट्रॉलीवाला सापडला नाही तर भावाला काही भरपाई मिळते का? आणि दवाखान्यात आधी पैसे भरायला लावले. नंतर कुणी म्हणालं की अपघातात दीड लाखापर्यंत उपचार फुकट असतात. हे खरं आहे का?

भावाला ज्या टेम्पोवाल्याने उचलून आणलं तो नावही न सांगता निघून गेला. पोलिसांच्या भानगडीत नको, म्हणाला. त्याचंही मनाला लागून राहिलंय.

भीमाकाठ

ताई, भाऊ वाचला हे महत्त्वाचं. मी वाहन-अपघाताच्या दाव्यांचं काम करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नांपासून सुरू करतो.

दीड लाखाचं खरं आहे. केंद्राने ५ मे २०२५ला ती योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे कुठल्याही रस्त्यावर अपघात झाला तरी अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंत रोखरहित उपचार. पैसे दवाखान्याने सरकारी यंत्रणेकडून घ्यायचे असतात. योजनेत नसलेल्या दवाखान्यात फक्त रुग्ण स्थिर करेपर्यंतचा खर्च बसतो. म्हणून दाखल करतानाच 'रस्ता अपघात आहे, योजनेत घ्या' असं मोठ्याने सांगावं लागतं. तुमचं बिल आता योजनेतून परत येईल अशी आशा मी दाखवणार नाही, पण ते जपून ठेवा, दाव्यात लागेल.

वाहन अज्ञातच राहिलं तर 'हिट अँड रन' भरपाई आहे: गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. १ एप्रिल २०२२पासूनचे हे आकडे आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. पण ताई, एवढ्यावर थांबू नका. त्या रात्री ती ट्रॉली कुठल्या ना कुठल्या कारखान्याला निघाली होती. कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदीत गाडीचा नंबर, वजन, वेळ सगळं असतं, आणि शेतकऱ्याच्या नावाची स्लिप असते. ज्या गाडीला फडातून स्लिप मिळाली पण जी ठरल्या वेळेत काट्यावर आली नाही, ती शोधायची. तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती द्या की आसपासच्या कारखान्यांकडून त्या रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या नोंदी मागवाव्यात. नंबर सापडला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नीट दावा उभा राहतो. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा दिवस मोजत राहा. पहिला अपघात अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, त्याची प्रतही मागून घ्या.

टेम्पोवाल्याला कुणी ओळखत असेल तर सांगा, त्याने घाबरायचं काही कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मुळे मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. उलट गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राह-वीर योजनेत २५ हजारांचं बक्षीस आहे.

खेपवाला

माझा स्वतःचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत, कारखान्याला वाहतूक करतो. ताई, तुमचं वाचून जेवण गेलं नाही. आमच्या बाजूने खरं तेवढं सांगतो.

बहुतेक ट्रॉल्यांना मागे दिवा बसवलेला असतो, पण तो पेटत नाही. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तिथून दुसरीला वायर जाते. फडात ट्रॅक्टर सारखा सोडावा-जोडावा लागतो, त्यात वायर तुटते, पिन चिखलात जाते. मग कुणी जोडत नाही. आणि ट्रॅक्टर सोडून नेला की जोडलेला दिवाही बंद होतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तेच झालं असणार. म्हणून बॅटरीवर चालणारा सुटा लाल दिवा प्रत्येक ट्रॉलीला वेगळा पाहिजे.

पट्टीचं म्हणाल तर ती तेलकट गंजलेल्या पत्र्यावर तशीच चिकटवली की आठवड्यात सुटते. आधी पत्रा घासून, पुसून घ्यावा लागतो, तेवढा वेळ त्या कार्यक्रमात कुणाला नसतो. मी लोखंडी पाटीवर पट्टी लावून ती ऊस भरून झाल्यावर साखळीने सगळ्यात मागे, वाढ्याच्या बाहेर अडकवतो. खेप रिकामी झाली की काढून ठेवतो. तीन हंगाम झाले, एकच पाटी चालली आहे.

चूक आमची आहेच. पण ड्रायव्हर पोरगं टनावर पैसे घेतं, दोन-दोन दिवस कारखान्यावर रांगेत उभं राहतं, झोप नसते. त्याच्या एकट्याच्या गळ्यात घालून प्रश्न सुटणार नाही. कारखान्याने 'पाटी नाही तर काटा नाही' म्हटलं ना, एका दिवसात सगळे पाट्या लावतील.

पंढरपूर_रोड

'काटा नाही' हेच धरा. रस्त्यावर पोलीस किती ठिकाणी उभे राहणार? पण जिल्ह्यातल्या प्रत्येक भरल्या ट्रॉलीला काट्यावर यावंच लागतं.

आमच्या गावच्या फाट्यासाठी मी असाच मागे लागलो होतो. तेव्हा कळलं की सरकार अपघातप्रवण ठिकाणं, म्हणजे ब्लॅक स्पॉट, कशी ठरवतं: राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. फाटा, वळण, पूल यांना हे बरोबर लागू पडतं. ट्रॉली मात्र आज तिऱ्ह्याला, उद्या बेगमपूरला बंद पडते. या मोजणीत ती येतच नाही. अर्जात हे लिहा, कारण 'तिथे ब्लॅक स्पॉट नाही' असं उत्तर येऊ शकतं.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं. प्रती आरटीओ, ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि साखर सहसंचालकांना. आरटीओचं बघून घ्या, जिल्ह्यात सोलापूर आणि अकलूज अशी दोन कार्यालयं आहेत, तालुका बघून प्रत द्यायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे स्वतः जा. बंद पडलेली ट्रॉली हायवेवर दिसली तर लगेच १०३३ला फोन करा.

भीमाकाठ

कायद्याचा आधारही अर्जात घाला. कलम १२२: धोका होईल अशा स्थितीत वाहन सोडून जाणं. कलम १९४(१अ): माल मागे, बाजूला किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २० हजार दंड. लोंबणारा ऊस त्यातच येतो.

जुळे_सोलापूर_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. खेपवाले दादा, तुमच्या पाटीचा फोटो टाकाल का? भावाला दाखवला तर त्याला बरं वाटेल. तो ट्रॉलीवाल्यांवर रागावलेला नाही, फक्त 'दिसली असती तर थांबलो असतो' एवढंच म्हणतो. गाडीचा वेग साठ होता म्हणे, म्हणजे दोन सेकंदांत तेहतीस मीटर. अंधारात त्याच्या हातात तेवढेच सेकंद होते.

अर्जात तीन मागण्या लिहिल्या आहेत: रिफ्लेक्टरची तपासणी भरल्या ट्रॉलीवर आणि काट्यावर, प्रत्येक खेपेला व्हावी, प्रत्येक ट्रॉलीला सुटा लाल दिवा आणि मागे अडकवायची पाटी असावी, बंद पडलेली ट्रॉली उचलायला कारखान्याने रात्रपाळीला क्रेन आणि माणूस ठेवावा, त्याचा फोन नंबर प्रत्येक स्लिपवर छापावा. तपास अधिकाऱ्याचं पत्र वेगळं लिहिते आहे.

येत्या लोकशाही दिनाला मी जाणार आहे. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर भागातलं कुणी बरोबर येईल का? यायला जमत नसेल तर रात्रीच्या भरल्या ट्रॉलीचा मागून काढलेला फोटो द्या, जागा आणि वेळ लिहून. गाडी चालवत असताना काढू नका, कडेला थांबून काढा.