इसामाल: पिवळे गाव आणि माया पिरॅमिड (आपले अनुभव लिहा)

मेक्सिकोला जाणारे आपल्यातील बरेच जण कानकूनला उतरतात, समुद्रकिनारा उपभोगतात, एक दिवस चिचेन इत्साच्या प्राचीन अवशेषांना देतात आणि परततात. मेरिदा शहराच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर असलेले इसामाल त्यात राहून जाते. स्पॅनिश वसाहतकाळातील हे छोटे गाव माया या येथील मूळ रहिवाशांच्या पिरॅमिडांच्या अक्षरशः अंगाखांद्यावर वसलेले आहे. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डॅलसहून

चौकातून उताराची वाट चढून गेले की सान अंतोनिओ मठाचे विस्तीर्ण अंगण लागते आणि त्याच्या चारही बाजूंनी ७५ कमानींची ओवरी. फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी येथील एक पिरॅमिड वरून उतरवला, त्याच्याच चौथऱ्यावर, त्याचेच दगड वापरून हा मठ बांधला आणि १५६१ मध्ये तो पूर्ण केला. ओवरीतून सावकाश चालावे. गिलावा नसलेल्या भागात मध्येच एखाद्या दगडावर चौकोनी वळणांची कोरीव नक्षी दिसते. ती मायांची आहे. गवंड्याच्या हाताला जो दगड आला तो त्याने बसवला, नक्षी आडवी आली की उभी याचा विचार केला नाही. आमच्या मुलीने असे दगड शोधण्याचा खेळच मांडला आणि आम्हाला दिसले नाहीत ते तिने दाखवले.

मठाचा कर्ता दिएगो दे लांदा याचा पुतळा गावात आहे. याच माणसाने १५६२ मध्ये मानी येथे मायांच्या पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. नंतर मायांचे पंचांग, चालीरीती आणि लेखनचिन्हे यांविषयी त्यानेच लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकात माया लिपी उलगडताना ती टिपणे फार उपयोगी पडली. पुतळ्यासमोर हात जोडावेसे वाटत नाहीत, एवढे खरे.

पुण्याहून

चिचेन इत्साच्या मुख्य पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. इसामालच्या किनिच काक मो या पिरॅमिडवर आम्ही चढलो आणि त्यासाठी तिकीटही नव्हते. उंची सुमारे ३५ मीटर, पण पायथ्याची एक बाजूच जवळजवळ २०० मीटर असल्यामुळे गल्लीतल्या घरांमधून आत शिरताना आपण पिरॅमिडपाशी आलो हे कळतच नाही, एखादी टेकडीच वाटते. पायऱ्या उंच आणि ओबडधोबड आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना आडवे पाऊल टाकावे आणि घाई करू नये. सकाळी लवकर जावे, कारण वर सावली नाही. माथ्यावरून एकीकडे मठाच्या पिवळ्या भिंती आणि बाकी सर्व दिशांना क्षितिजापर्यंत सपाट रान दिसते.

फोंड्याहून

हा मठ उभा राहत होता त्याच सुमारास, १५६० मध्ये, आमच्याकडे कुठ्ठाळीचा मंगेश पोर्तुगिजांच्या भयाने जुवारी नदी ओलांडून प्रियोळला हलवला गेला. त्यामुळे गोव्याच्या माणसाला इसामाल परके वाटत नाही. फरक एवढाच की, तिथल्या देवांना जाण्यासाठी पैलतीर नव्हता. इसामाल हे इत्सामना देवाचे मोठे तीर्थक्षेत्र होते. लांदाने १५५८ मध्ये ग्वाटेमालाहून मेरीची मूर्ती आणून नेमकी याच गावात बसवली. मेरीची ती मूर्ती १८२९ च्या आगीत गेली, पण ८ डिसेंबरची तिची जत्रा आजही भरते. वारी कधी थांबलीच नाही, फक्त गाभाऱ्यातील मूर्ती बदलली, असे मला तरी वाटते. बाजारात आजही माया भाषा कानावर पडते.

एडिसनहून

शाकाहारी मंडळींसाठी: राजम्यासारख्या काळ्या घेवड्याची उसळ दिसली तरी मागवण्यापूर्वी विचारावे, कारण तीत बरेचदा डुकराची चरबी असते. त्याऐवजी सिकिल पाक मागवावे; भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली ती चटणीच आहे. सोबत येणाऱ्या आबानेरो मिरचीला आधी जिभेचे टोक लावून पाहावे, आपण कोल्हापूरचे असलो तरी.

गावाचा पिवळा रंग पोप दुसरे जॉन पॉल १९९३ मध्ये आले तेव्हाचा, असे सांगतात. दुपारी सहलींच्या बसगाड्या येतात, म्हणून मुक्काम करावा हेच बरे. नव्या माया रेल्वेने येणार असाल, तर स्थानक गावाबाहेर आहे. पुढच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा.